ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात ट्यूबुलर बॅटरी आणि साइन वेव्ह इन्व्हर्टर: लष्कर भागातल्या एका घराचा अभिप्राय

900 व्हीएचा (व्होल्ट-एम्पिअर, म्हणजे भार पेलण्याची क्षमता) शुद्ध साइन वेव्ह इन्व्हर्टर, म्हणजे घरच्या विजेसारखीच गुळगुळीत लहर देणारा, आणि त्याला जोडलेली 150 एम्पिअर-अवर क्षमतेची, आत नळीच्या आकाराच्या प्लेट्स असलेली उंच ट्यूबुलर बॅटरी हा संच ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मध्यम आकाराच्या घराला पुरतो, असे माझे मत गेल्या उन्हाळ्यात पक्के झाले. मात्र तो किती पुरेल, हे बॅटरीवर छापलेल्या आकड्यापेक्षा ती ठेवलेल्या जागेच्या तापमानावर आणि आपल्या गल्लीत संध्याकाळी येणाऱ्या व्होल्टेजवर अधिक अवलंबून असते. कंपनीचे नाव मी देत नाही, कारण या वर्गातल्या चांगल्या कंपन्यांच्या यंत्रांत फारसा फरक नसतो आणि मला जे सांगायचे आहे ते सर्वांना सारखेच लागू पडते.

आधी आपल्याकडे वीज का जाते ते पाहू, कारण त्यावरूनच कोणते यंत्र घ्यावे हे ठरते. 30 आणि 31 जुलै 2012 रोजी उत्तर भारतात, आणि दुसऱ्या दिवशी पूर्व व ईशान्य भारतातही, जो प्रचंड अंधार झाला त्याची सुरुवात आपल्याच दारातून जाणाऱ्या बीना–ग्वाल्हेर या 400 केव्हीच्या वाहिनीवर झाली होती. तेव्हापासून देशाचे जाळे बरेच भक्कम झाले आहे; 31 डिसेंबर 2013 रोजी रायचूर–सोलापूर वाहिनीने दक्षिणेचे जाळेही उर्वरित देशाला जोडले गेले आणि 30 मे 2024 रोजी सुमारे 250 गिगावॉटची विक्रमी मागणी भागवली गेली. म्हणजे आज आपल्या घरातला पंखा थांबतो तो बहुधा देशात वीज कमी पडली म्हणून थांबत नाही. चौकातल्या ट्रान्सफॉर्मरवर भार वाढतो, आंधीत झाडाची फांदी तारेवर पडते, जुन्या केबलचा सांधा जळतो किंवा दुरुस्तीसाठी फीडर, म्हणजे आपल्या भागाला वीज पुरवणारी वाहिनी, बंद ठेवला जातो. अशी वीज पुष्कळदा जाते, पण एका वेळी अर्धा तास, तास, कधी दोन-तीन तास. अशा पुरवठ्यासाठी बॅटरीवरचा इन्व्हर्टर हाच योग्य उपाय आहे. जिथे दिवसाचे दहा-बारा तास वीज नसते तिथे मात्र तो अपुरा पडतो, कारण बॅटरी भरायलाही तीच वीज लागते. नेपाळमध्ये 2016 पूर्वी दीर्घ भारनियमन होते तेव्हा घरोघरचे इन्व्हर्टर वीज आली की एकदम भरू लागत आणि आधीच अपुऱ्या जाळ्यावर आणखी भार टाकत. नायजेरियात लोक पेट्रोलच्या छोट्या जनरेटरकडे वळले आणि आवाज, धूर व कार्बन मोनॉक्साइडचा धोका त्यांच्या अंगणात आला.

आता हिशोब. 150 एम्पिअर-अवर गुणिले 12 व्होल्ट म्हणजे 1800 वॅट-अवर. बॅटरी पूर्ण रिकामी करायची नसते आणि इन्व्हर्टरमध्येही काही वीज उष्णतेत जाते, म्हणून हाताशी उरतात ते साधारण 1200 वॅट-अवर. आमच्या घरात दोन बीएलडीसी पंखे (कमी वीज खाणारे नव्या मोटरचे), एक जुना पंखा, काही एलईडी दिवे, राउटर आणि टीव्ही मिळून अडीचशे वॅटच्या आसपास भार होतो, तेव्हा साडेचार तास निश्चिंत जातात. शिवाय 150 हा आकडा वीस तासांत हळूहळू वीज काढली तरच खरा असतो. जितक्या घाईने वीज काढावी तितकी एकूण कमी मिळते, ही गोष्ट दुकानात क्वचितच कोणी सांगते.

ग्वाल्हेरमध्ये खरा प्रश्न कूलरचा आहे. पारा 45 अंशांच्या वर आणि बाहेर लू वाहत असताना नुसता पंखा गरम हवा फिरवत राहतो, आणि घरात वयस्कर माणूस असेल तर तेवढ्यावर भागत नाही. मध्यम आकाराचा कूलर पंपासह दीडशे ते दोनशे वॅट घेतो. तो इन्व्हर्टरवर चालतो, सासूबाईंच्या खोलीतला आम्ही चालवतोही, पण मग बॅटरीचे साडेचार तास जेमतेम अडीच तासांवर येतात. म्हणून ज्या घरात आजारी किंवा वृद्ध माणूस आहे तिथे कूलरसाठी वेगळे सर्किट काढून घ्यावे आणि वीज गेल्यावर टीव्ही व जास्तीचे दिवे बंद करण्याची सवय घरातल्या सर्वांना लावावी. साइन वेव्हचा आग्रहही इथेच धरावा. स्क्वेअर वेव्हचे यंत्र स्वस्त मिळते, पण त्यावर पंखे घरघरतात आणि कूलरची मोटर अनावश्यक तापते. पाण्याची एक अश्वशक्तीची मोटर मात्र या संचावर चालणार नाही. ती चालू होताना नेहमीच्या कित्येक पट करंट खेचते, त्यामुळे नळाला पाणी येण्याच्या वेळी वीज गेली तर गच्चीवरची टाकी कोरडीच राहते. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करून रुग्णाला देणारे यंत्र) वापरणाऱ्यांनी फक्त अशा बॅटरीवर विसंबू नये. भरलेला सिलिंडर हाताशी ठेवावाच.

उष्णतेचा परिणाम बॅटरीवर माणसांइतकाच होतो. शिसे आणि आम्ल असलेल्या बॅटरीचे आयुष्य 25 अंशांच्या आसपासच्या तापमानाला धरून सांगितलेले असते आणि दर दहा अंशांच्या वाढीमागे ते साधारण निम्मे होते. बसवायला आलेल्या मुलाने तारा कमी लागाव्यात म्हणून बॅटरी गच्चीच्या जिन्यात, पत्र्याखाली ठेवण्याचा आग्रह धरला होता. आम्ही ती तळमजल्यावर, जिन्याखालच्या जाड दगडी भिंतींच्या खोलीत ठेवायला लावली, कारण आपल्या जुन्या वाड्यांत भर मे महिन्यातही ती जागा घरातली सर्वांत गार असते. तिला एक झरोका आहे, आणि तो आवश्यकही आहे, कारण भरताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. देवघर, जिथे समई किंवा निरांजन तेवत असते, आणि स्वयंपाकघर या दोन जागा म्हणूनच वर्ज्य समजाव्यात. उन्हाळ्यात पाण्याची पातळी दर महिन्याला पाहावी लागते आणि भर घालायची ती डिस्टिल्ड पाण्याचीच. बोअरिंगच्या पाण्यातले क्षार प्लेट्स खराब करतात.

ज्या दुकानातून हा संच घेतला त्या दुकानाच्या सेवेबद्दल माझी तक्रार एका विशिष्ट गोष्टीची आहे आणि ती प्रत्येक ग्राहकाने तपासावी असे मला वाटते. अशा इन्व्हर्टरच्या मागे एक लहान बटण असते. ते यूपीएस मोडवर असेल तर यंत्र साधारण 180 ते 260 व्होल्टच्या बाहेरची वीज नाकारते आणि घर बॅटरीवर नेते. दुसऱ्या मोडवर हीच मर्यादा सुमारे 100 ते 290 व्होल्टपर्यंत रुंदावते. दुकानाच्या माणसाने ते यूपीएसवर ठेवले आणि काही न सांगता निघून गेला. आमची गल्ली ट्रान्सफॉर्मरपासून दूर, वाहिनीच्या टोकाला आहे, आणि उन्हाळ्याच्या संध्याकाळी सगळ्यांचे कूलर आणि एसी सुरू झाले की 230 व्होल्टच्या जागी 175 च येतात. परिणामी रस्त्यावरचे दिवे लागलेले असताना आमचे घर बॅटरीवर चालत असे, आणि रात्री खरोखर वीज गेली की बॅटरी अर्ध्या तासात संपत असे. दुकानदाराला फोन केला तर त्यांनी बॅटरी लहान पडते, 200 एम्पिअर-अवरची घ्या, असा सल्ला दिला. ओळखीच्या एका वायरमन काकांनी मीटर लावून व्होल्टेज मोजले, बटण फिरवले आणि तोच संच पूर्ण वेळ चालू लागला. संगणक मात्र त्या मोडवर वीज जाताना एखादे वेळी बंद होऊन पुन्हा सुरू होतो, कारण बदलाला थोडा अधिक वेळ लागतो. त्यासाठी टेबलाखाली लहान यूपीएस ठेवणे हा स्वस्त उपाय आहे. कमी व्होल्टेजची लेखी तक्रारही करावी. वीज ग्राहक हक्क नियम 2020 मध्ये चोवीस तास पुरवठ्याची जबाबदारी वितरण परवानाधारकावर टाकलेली आहे, आणि तक्रार क्रमांक जवळ असल्याशिवाय पुढच्या पायरीवर जाता येत नाही.

लिथियमची बॅटरी घ्यावी का, असे अनेक जण विचारतात. ती हलकी असते, लवकर भरते, पाणी मागत नाही आणि अधिक वर्षे टिकते. फ्लॅटमध्ये जागा नसेल किंवा दुकान-दवाखान्यासाठी रोज तासन्‌तास बॅटरीवर राहावे लागत असेल तर जास्तीचा पैसा वसूल होईल. वर्षातले काही महिने, एका वेळी तास-दोन तास वीज जाणाऱ्या आमच्यासारख्या घराला ट्यूबुलरच योग्य वाटते, शिवाय ती दुरुस्त करणारा माणूस नया बाजारात किंवा दौलतगंजात सहज सापडतो.

हमी वाचताना एक भाग नीट पाहावा. एकूण साठ महिने लिहिलेले असले तरी त्यातले बॅटरी विनामूल्य बदलून देण्याचे महिने वेगळे आणि प्रो-राटाचे, म्हणजे किमतीत केवळ काही टक्के सूट मिळण्याचे, महिने वेगळे असतात. बिलावर दुकानाचा शिक्का, बॅटरीचा क्रमांक आणि तारीख नसेल तर पुढे दावा अडतो.

जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊ नये. वस्त्यांमध्ये ती उघड्यावर फोडली जाते, आम्ल गटारात जाते आणि शिसे तिथे खेळणाऱ्या मुलांच्या रक्तात. 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटरीची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, आणि नवी घेताना दुकानदार जुनीची किंमत वजनानुसार वजा करून देतात. आमच्या दुकानाने ती रक्कम बिलात वेगळ्या ओळीत लिहून दिली, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवे.