बिबट्याच्या चहात दूध कुणाचं? प्राण्यांचं जग रचायच्या तीन वाटा

एसटी स्टँडच्या कोपऱ्यावर बिबट्याची चहाची टपरी. पहिलं गिऱ्हाईक शेळी, दुसरं मुंगूस, तिसरा घाईत असलेला ससा. सात वर्षांच्या भाचीला मी हे मोठ्या हौसेने वाचून दाखवत होतो. दुसऱ्याच पानावर तिने थांबवलं.

"मामा, बिबट्या चहात दूध कुणाचं घालतो?"

डेअरीचं, मी म्हटलं. डेअरीत कोण असतं? म्हशी. "मग त्या म्हशीपण बोलतात ना? त्यांना पैसे देतात का?"

मी वही मिटली ती सहा महिने उघडली नाही. मधल्या काळात जे वाचलं, बघितलं आणि खोडलं, त्यातून एवढं कळलं की बोलत्या-चालत्या प्राण्यांचं जग रचायच्या मोठ्या वाटा तीनच आहेत, आणि कोणती धरायची ते तुम्ही या दुधाच्या प्रश्नाला काय उत्तर देता त्यावर ठरतं. कपडे, शेपट्या, नावं, नकाशे हे सगळं नंतरचं. आधी कोण काय खातं ते ठरवा. तुम्ही कॉमिक, बालकथा किंवा कादंबरी सुरू करायच्या बेतात असाल, तर माझी टपरी या तिन्ही वाटांनी फिरवून आणतो.

मुखवट्याची वाट

ही सगळ्यांत जुनी. कोल्हा म्हणजे लबाड, गाढव म्हणजे राबणारं, सिंह म्हणजे राजा. वाचक हे पाळण्यातच शिकलेला असतो, त्यामुळे पात्र उभं करायला दोन ओळी पुरतात. चिऊचं घर मेणाचं, काऊचं घर शेणाचं. मेण आलं कुठून असं कुणी विचारत नाही. पाऊस येतो, शेणाचं घर वाहून जातं, काऊ दार वाजवतो, गोष्ट पुढे जाते. माझी टपरी या वाटेवर आरामात चालते. बिबट्या म्हणजे तापट पण मनाने चांगला टपरीवाला, शेळी म्हणजे चार घरच्या बातम्या आणणारी बाई. दुधाचा प्रश्न पडायच्या आत गोष्ट संपलेली असते.

पण जुन्या लोकांना पोटाचा विसर पडला होता असं समजू नका. पंचतंत्रातल्या मित्रभेदात पिंगलक सिंहाची संजीवक बैलाशी मैत्री होते. गप्पांच्या नादात सिंह शिकारीकडे दुर्लक्ष करतो आणि त्याच्या उष्ट्यावर जगणारा परिवार उपाशी पडतो. करटक-दमनक या दोन कोल्ह्यांच्या कारस्थानाला धार येते ती इथून. राजनीतीचा एवढा मोठा ग्रंथ, आणि गोष्ट हलते ती ताट रिकामं राहिल्यामुळे.

मुखवट्याचा धोका वेगळाच आहे. एक जात, एक स्वभाव. आर्ट स्पीगलमन यांच्या 'माउस' या नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहारावरच्या चित्रकादंबरीत ज्यू म्हणजे उंदीर, जर्मन म्हणजे मांजरं आणि पोलिश म्हणजे डुकरं. हे रूपक कुठेतरी फाटणार हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. दुसऱ्या भागाच्या सुरुवातीलाच ते अडतात: आपली बायको फ्रेंच, सासऱ्यांना बरं वाटावं म्हणून ज्यू झालेली, तिला कोणता प्राणी काढायचा? पुढे ते स्वतःलाच दोरीने बांधलेला उंदराचा मुखवटा घालून काढतात. एका प्रसंगात मानसोपचारतज्ज्ञाच्या घरी खरीखुरी कुत्री-मांजरं पाळलेली दिसतात, तर हे सांगितल्याने माझं रूपक बिघडतं का, असं ते पुस्तकातच विचारून घेतात. १९९२ साली या कामाला पुलित्झरचं विशेष पारितोषिक मिळालं. मला त्यातली ती दोरी फार आवडते. मुखवटा लावायचाच असेल तर दोरी दिसू द्यावी.

आपल्याकडे तर ही काळजी दुप्पट घ्यावी लागते. 'लांडगे मुळातच असे' असं लिहिलं की मराठी वाचक लगेच आडनावं शोधायला लागतो. तुमच्या मनात नसलेली जात तुमच्या गोष्टीत जाऊन बसते. त्यामुळे मुखवट्याची वाट धरलीत तर प्रत्येक प्राण्यात निदान एक तरी उलट्या स्वभावाचा ठेवा: भित्रा वाघ नको, तो विनोद झाला. साधा, कंटाळलेला, घरी लवकर जायला बघणारा वाघ ठेवा.

उसातली वाट

दुसऱ्या वाटेवर टपरी पहिल्याच दिवशी बंद पडते. इथे प्राणी प्राणीच राहतो. त्याला फक्त भाषा, आठवण आणि सांगायला गोष्टी मिळतात. रिचर्ड ॲडम्स यांची १९७२ सालची 'वॉटरशिप डाउन' ही सशांची कादंबरी याचा नमुना. त्यांनी आर. एम. लॉकली यांच्या १९६४ च्या सशांवरच्या अभ्यासाचा आधार घेतला होता. हे ससे कोट घालत नाहीत, बिळात राहतात, आणि त्यांना फक्त चारपर्यंत मोजता येतं. चाराच्या पुढे सगळं 'ह्रैर', म्हणजे पुष्कळ. या एका मोजणीच्या नियमात त्यांचं सगळं डोकं दिसतं. मराठीत व्यंकटेश माडगूळकरांचं 'सत्तांतर' याच बाजूचं, वानरांच्या टोळीवरचा ताबा कसा बदलतो त्याचं. १९८३ साली त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

ही वाट स्वस्त वाटते. ती तशी नाही. वानरांच्या टोळीवर नवा नर आला की तो पुष्कळदा आधीच्या नराची पिल्लं मारतो. १९६० च्या दशकात धारवाडजवळ सुगियामा या जपानी संशोधकाने हे नोंदवलं. तुमचा नायक वानर असेल तर हे टाळून चालणार नाही आणि झाकूनही ठेवता येणार नाही.

मी माझा बिबट्या स्टँडवरून उठवून उसात नेऊन बसवला. पुणे जिल्ह्यात जुन्नर भागात बिबटे उसात राहतात, माद्या उसातच पिल्लं घालतात. तोडणी लागली की फडात ती पिल्लं सापडतात. मग वनखात्याची माणसं पिल्लं खोक्यात घालून रात्री त्याच जागी ठेवतात आणि पुष्कळदा आई येऊन एकेक उचलून नेते.

आता हे पिल्लाच्या बाजूने बघा. आडसाली ऊस साधारण दीड वर्ष उभा असतो, सुरूचा बारा महिन्यांचा. पिल्लू आईबरोबर राहतं तेही जवळपास दीड ते दोन वर्षं. म्हणजे एक आडसाली ऊस हे बिबट्याचं बालपण. मग वय मोजायचं ते उसात: "मी आडसालीतला. तू खोडव्यातला, तोडलेल्या बुंध्यातून पुन्हा फुटलेल्या उसातला, तुला काय कळतंय." जगाची सुरुवात: आधी सगळं हिरवं होतं, मग कडेने कोयत्यांचा आवाज आला. प्रलय दर वर्षी येतो आणि त्याला चाकं असतात. धर्म मात्र खोक्यातून निघतो. कुणीतरी उचलून नेतं, अंधारात ठेवतं, आणि परत त्याच वासाच्या मातीवर आणून सोडतं. जे परत आले ते एका पंथाचे. ज्यांची भावंडं परत आली नाहीत ते दुसऱ्या.

एका संध्याकाळी तीन पानं झाली. यात मी रचलं फार थोडं, जुळवलं जास्त. या वाटेची हीच मजा आहे: प्राणी नीट बघितला की तोच जग देतो. दुधाचा प्रश्नही मिटतो, दूध आईचं. मांसाचा प्रश्न मात्र मिटत नाही, तो उंबऱ्याशी येऊन बसतो. जुन्नरकडे बिबट्याच्या हल्ल्यात माणसं गेली आहेत. ज्याच्या घरातलं कुणी गेलंय त्याच्याही हातात ही गोष्ट पडेल, हे धरून लिहावं लागतं. गोंडस बिबट्या तिथे चालणार नाही.

आणि हो, विनोद कमी होतो. उसात कुणी कुणाला कटिंग पाजत नाही.

शहराची वाट

तिसरी वाट म्हणजे पोलीस, शाळा, लोकल, निवडणुका असलेलं अख्खं शहर. सगळ्यांना हीच हवी असते. मलाही हवी होती. इथे भाचीचे सगळे प्रश्न एकदम अंगावर येतात.

'झूटोपिया' हा ॲनिमेशनपट (२०१६) बघताना पेन घेऊन बसा. रेल्वेला लहानमोठ्या प्राण्यांसाठी वेगवेगळ्या मापांचे दरवाजे आहेत, वाळवंटाचा आणि बर्फाचा भाग वेगळा, उंदरांची वस्ती वेगळी. दहात एकच शिकारी, हे प्रमाणही सांगून टाकलंय. पण एक हुशारी सहज लक्षात येत नाही: पहिल्या चित्रपटात नांदतात ते फक्त सस्तन प्राणी. पक्षी नाहीत, साप-सरडे नाहीत. आणि कॅमेरा ताटाकडे फारसा जातच नाही. शिकाऱ्यांचा भूतकाळ बोलून दाखवायचा, जेवण दाखवायचं नाही. ही पळवाट आहे, पण पळवाटही आखावी लागते.

पारू इतागाकी यांच्या 'बीस्टार्स' या मांगाने, म्हणजे जपानी चित्रकथामालिकेने (२०१६ ते २०२०) नेमकं उलटं केलं. मांस खाणं गुन्हा, म्हणून शहरात मांसाचा काळा बाजार. आणि शाळेत एक कोंबडी, विद्यार्थिनी, जी स्वतःची अंडी शाळेच्या कॅन्टीनला विकते. तिला त्याची लाज नाही, उलट अंड्याच्या दर्जाचा अभिमान आहे. ते पान वाचलं तेव्हा मला भाचीची आठवण झाली. माझ्या म्हशींना पैसे मिळतात का, याचं उत्तर कुणीतरी न हसता देऊन ठेवलं होतं.

शहर रचताना दोन डोकेदुखी आहेत. एक आकार. केनेथ ग्रॅहम यांच्या 'द विंड इन द विलोज' मध्ये (१९०८) बेडूक मोटार चालवतो आणि धोबिणीचे कपडे घालून माणसांत खपून जातो. बेडूक केवढा? वाचताना डोळा मोजत बसत नाही म्हणून ते चालून जातं. चित्र काढायचं म्हटलं की टेबलाची उंची ठरवावी लागते. माझ्या एका चित्रकार मित्राने टपरीचं पहिलंच पान परत पाठवलं: ससा आणि बिबट्या एकाच बाकड्यावर बसले तर सशाचा ग्लास कुठे ठेवू? म्हणून माझा साधा हिशेब: नुसतं लिहिणार असाल तर आधी खाणं ठरवा, चित्रं असतील तर खाण्याबरोबर उंचीही.

दुसरी डोकेदुखी आपल्या भाषेची, आणि ती इंग्रजी पुस्तकं वाचून कळत नाही. माणूस नसलेल्या शहरात 'माणुसकी' कशी असेल? 'भला माणूस' कोण? भांडणात 'जनावर आहेस' म्हणायची सोय राहत नाही. मी महिनाभर 'माणूस' च्या जागी 'जीव' घालून बघितलं. 'भला जीव' जमलं, 'जीवकी' मेलं. शेवटी 'माणुसकी' तशीच ठेवली आणि ठरवलं की या शहरात तो फार जुना शब्द आहे, कुठून आला ते कुणालाच माहीत नाही. त्या एका निर्णयातून मला शहराचा इतिहास मिळाला.

त्याहून गमतीचं म्हणजे लिंग. मुंगूस, अस्वल, माकड, घुबड, गाढव, हरीण, कासव: मराठीत सगळी नपुंसकलिंगी. 'इन्स्पेक्टर अस्वल आलं' म्हटलं की वर्दीची पार रया जाते. 'अस्वलसाहेब आले' म्हटलं की टपरीवरची गिऱ्हाइकं उठून उभी राहतात. म्हणजे ज्याला 'आले' मिळतं तो वर, ज्याला 'आलं' मिळतं तो खाली. टपरीवर कप धुणारं कासव जन्मभर 'आलं' च राहतं आणि एक दिवस त्याला कुणीतरी 'या' म्हणतं. हे इंग्रजीतून आणता आलंच नसतं.

मग कोणती धरायची?

पहिली गोष्ट असेल, दहा पानांच्या आत असेल, शाळेतल्या मुलांसाठी असेल, तर मुखवटा. त्यात कमीपणा काही नाही, फक्त ती दोरी विसरू नका. एखाद्या प्राण्याच्या मागे वर्षभर फिरायची तयारी असेल, निदान वनखात्यातल्या किंवा शेतातल्या माणसांशी बोलायची, तर दुसरी वाट. मराठीत ती अजून बरीच मोकळी पडली आहे. उसातला बिबट्या, कोकणातलं माकड, मुंबईच्या रुळांकडेची घूस, एकेकात एक कादंबरी आहे. शहराची वाट मालिका करणाऱ्यांसाठी, ज्यांना नियम करायला आवडतात आणि स्वतःच केलेला नियम मोडला की वाचकाचे टोमणे ऐकायची तयारी आहे त्यांच्यासाठी. पहिल्या कामाला ती घेऊ नका असं मी सांगेन. माझ्याकडे शहराच्या टिपणांची चाळीस पानं आहेत आणि गोष्टीची दोन.

तिन्हींची मिसळ करता येते का? येते, पण खाण्याचा नियम एकच ठेवा. पहिल्या प्रकरणात मासे नुसते मासे आणि पाचव्यात एकदम बोलायला लागले, की वाचक पुस्तक बंद करत नाही, पण विश्वास काढून घेतो.

गेल्या महिन्यात भाचीला उसातली तीन पानं वाचून दाखवली. शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "छान आहे. पण टपरी कुठे गेली?" मग आम्ही दोघांनी बसून टपरीचा हिशेब लावला. दूध शेळी देते. ती व्याली तेव्हापासून रोज सकाळी अर्धा लिटर, करडाचं पोट भरल्यावर. बिबट्या ते उधारीच्या वहीत मांडतो. त्या बदल्यात शेळीला दोन वेळचा चहा फुकट आणि वर महिन्याला थोडे पैसे.

"आणि तो तिला खात नाही," मी म्हटलं.

तिने वहीवर बोट ठेवलं. "हे लिहिलंय का यात?"