टाइल्स कापण्यासाठी अँगल ग्राइंडर घ्यावा की मार्बल कटर?

नागपुरात बेसा, बेलतरोडी किंवा मानेवाड्याकडच्या एखाद्या नव्या बांधकामावर टाइल्स बसवणारा अनुभवी मिस्त्री पाहिला, तर त्याच्याजवळ साधारणतः ४ इंची अँगल ग्राइंडर (हातात धरून चालवायचे, फिरत्या चकतीचे यंत्र) आणि मार्बल कटर ही दोन्ही यंत्रे असतात. त्याचे पोटच त्या कामावर असल्याने दोन्हींचा खर्च भरून निघतो. अडचण होते ती स्वतःच्या घरातली न्हाणी किंवा ओटा नव्याने करणाऱ्याची आणि नुकत्याच धंद्याला लागलेल्या तरुण कारागिराची, कारण त्यांना एकच यंत्र घ्यायचे असते. दुकानात वॅट आणि किंमत यांवर बोलणी होतात. माझ्या मते मात्र आपल्या कामात सरळ काप किती आणि आडवळणाचे काप किती, हे आधी ठरवावे आणि मगच यंत्राकडे वळावे.

सरळ कापात मार्बल कटर निर्विवाद सरस आहे. त्याची सपाट पट्टी टाइलवर टेकते, ब्लेड पृष्ठभागाशी ठरलेल्या कोनातच राहते आणि दोन्ही हातांनी पुढे ढकलत गेले की २ बाय ४ फुटांची टाइलही एका रेषेत कापली जाते. स्कर्टिंगसाठी, म्हणजे भिंतीच्या तळाशी लावायच्या, ४ इंची पट्ट्या काढायच्या असतील, तर हेच काम ग्राइंडरने करताना मनगटाच्या जराशा हलण्याने रेषा वाकडी होते आणि कडेचा टवका उडतो. कापाच्या खोलीतही कटर पुढे असतो. ११० मि.मी.चे ब्लेड लावलेला कटर साधारण ३० मि.मी. खोल जातो, तर ४ इंची ग्राइंडरचे गिअरचे डोके आड येत असल्याने त्याची खोली बरीच कमी भरते. ८ ते १० मि.मी. जाडीच्या टाइलला हा फरक जाणवत नाही; कोटा फरशी किंवा ग्रॅनाइट कापायचे असेल तर तो निर्णायक ठरतो.

आता दुसरी बाजू. दाराच्या चौकटीभोवती बसणारा इंग्रजी ‘एल’ आकाराचा काप, स्विचच्या डब्याची चौकोनी खिडकी, नळाच्या जोडणीचे गोल छिद्र आणि जाळीभोवतीची गोलाई, हे सारे प्रकार न्हाणीघरात एकाच भिंतीवर भेटतात आणि येथे मार्बल कटर अडखळतो, कारण त्याची पट्टी आणि आवरण ब्लेडला झाकून टाकतात. ग्राइंडरचे ब्लेड डोळ्यांसमोर राहते व हवे तसे तिरपे धरता येते. ‘एल’ काप घेताना एक गोष्ट बारकाईने पाहावी. चकती गोल असल्यामुळे वरच्या बाजूने रेषा कोपऱ्यापर्यंत पोहोचली तरी खालच्या बाजूला थोडा भाग अखंड राहतो आणि तो तोडायला गेले की नेमका कोपऱ्यातून तडा जातो. म्हणून जाणता कारागीर समोरून कोपऱ्याच्या किंचित अलीकडे थांबतो, टाइल पालथी करतो आणि मागून रेषेच्या थोडे पुढे जाऊन कोपरा मोकळा करतो. पुढे गेलेला काप मागच्या बाजूला असल्याने बसवल्यावर दिसत नाही. गोल छिद्रासाठी ग्राइंडरच्या दांड्यावर थेट बसणारा डायमंड कोअर बिटही मिळतो. त्याची सोय मार्बल कटरमध्ये नाही.

घरच्या एका न्हाणीपुरते काम असेल, तर मी ग्राइंडरच्या बाजूने कौल देईन आणि सरळ कापांसाठी हाताने ओढायचा टाइल कटर भाड्याने किंवा उसना आणण्यास सांगेन. त्यात लहान चाकाने ग्लेझवर, म्हणजे टाइलच्या वरच्या चकचकीत थरावर, रेघ ओढून टाइल दाबून मोडतात, त्यामुळे धूळ जवळजवळ नसते. मोठ्या हॉलची फरशी घालणाऱ्याने मात्र आधी मार्बल कटरच घ्यावा.

ग्राइंडर ठरला की ४ इंची की ५ इंची, हा प्रश्न येतो. ५ इंचीला ताकद आणि खोली अधिक, पण वजनही अधिक. भिंतीवर बसलेल्या टाइलमध्ये खाच घेताना हे वजन हाताला लवकर जाणवते. टाइलसाठी ८०० वॅटच्या आसपासचा ४ इंची ग्राइंडर पुरेसा आहे. त्याहून लहान मोटर व्हिट्रिफाइड टाइलमध्ये लवकर तापते, कारण ही टाइल अतिशय घट्ट भाजलेली असते आणि ०.५ टक्क्यांहून अधिक पाणी शोषत नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा काही काप झाले की यंत्र भाराविना थोडे फिरवून मोटर थंड होऊ द्यावी.

यंत्राइतकेच, किंबहुना अधिक लक्ष ब्लेडकडे द्यावे. ग्लेझ असलेल्या टाइलला सलग कडेचे डायमंड ब्लेड लागते. कडेला मोठ्या खाचा असलेले ब्लेड काँक्रीटसाठी असते आणि ते टाइलची किनार कुरतडते. चालते ब्लेड एकाएकी कापेनासे झाले, तर ते फेकण्याआधी सिमेंटच्या ठोकळ्यात किंवा फ्लाय अ‍ॅशच्या विटेत काही काप घ्यावेत, म्हणजे वरचा धातू झिजून हिऱ्याचे ताजे कण उघडे पडतात. मापाचाही गोंधळ होतो. ४ इंची म्हणून विकले जाणारे ब्लेड १०५ मि.मी.चे असते तसेच ११० मि.मी.चेही असते, आणि मधले छिद्र बहुधा २० मि.मी.चे असते, तर ४ इंची ग्राइंडरला १६ मि.मी. लागते, म्हणून छिद्र लहान करणारी जोडरिंग बरोबर आहे की नाही ते पाहूनच घ्यावे. ११० मि.मी.चे ब्लेड बसवण्यासाठी गार्ड (ब्लेडवरचे संरक्षक आवरण) काढून टाकण्याची सवय अनेक ठिकाणी दिसते आणि ती मला मनापासून खुपते. मिनिटाला ११,००० फेऱ्यांवर १०५ मि.मी.च्या ब्लेडची कड सेकंदाला सुमारे ६० मीटर वेगाने धावते. त्या वेगाने सुटलेला तुकडा चेहऱ्याकडे आला तर मध्ये फक्त गार्डच असतो.

कोरडा काप घेताना उडणाऱ्या धुळीत सिलिका असते. ती वर्षानुवर्षे छातीत गेली की सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार होतो आणि त्यावर बरे करणारा उपचार नाही. तोंडाला बांधलेला दुपट्टा ही बारीक धूळ अडवत नाही, एन-९५ मास्क अडवतो. पाण्याने धूळ बसते, पण साध्या ग्राइंडरवर बाटलीने पाणी ओतणे म्हणजे विजेशी खेळ आहे. पाण्याची नळी जोडण्याची सोय काही मार्बल कटरमध्ये मुळातच दिलेली असते, आणि रोज काप घेणाऱ्यासाठी केवळ एवढ्या कारणाने तसा कटर निवडणे मला रास्त वाटते. मात्र तो ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवरच (वीज गळू लागताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचवर) चालवावा.

इतवारीच्या लोहा ओळीत किंवा अन्यत्र यंत्र हातात घ्याल तेव्हा स्विच आवर्जून तपासावा. सरकवून अडकणारा स्विच चालू राहिला आणि मध्येच वीज गेली, तर ती परत येताच जमिनीवर ठेवलेला ग्राइंडर आपोआप फिरू लागतो. दाबून धरावा लागणारा स्विच हात सुटताच बंद होतो, म्हणून तोच मागावा. तो न मिळाल्यास वीज आल्यावर यंत्र आपोआप सुरू न होण्याची सोय आहे का, ते विचारावे. शेवटी कार्बन ब्रशची (मोटरला वीज पोहोचवणाऱ्या, झिजणाऱ्या तुकड्यांची) जोडी त्याच वेळी विकत घ्यावी आणि ते बदलण्यासाठी बाहेरून झाकण आहे की संपूर्ण यंत्र उघडावे लागते, हे दुकानदाराकडून समोर करून दाखवून घ्यावे.