बेडकांच्या वंशवृक्षासाठी १६एस, सीओआय की रॅग-१?

सह्याद्रीतले सारखे दिसणारे दोन बेडूक एकाच जातीचे आहेत का, हा एक प्रश्न. बेडकांची दोन कुळे परस्परांना किती जवळची, हा दुसरा. दोन्हींचे उत्तर एकाच जनुकाकडे मागितले की घोळ होतो. शीर्षकातले १६एस आणि सीओआय हे मायटोकॉन्ड्रियाचे (पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या घटकाचे) जनुक, रॅग-१ मात्र केंद्रकातला.

जाती वेगळ्या करायला मायटोकॉन्ड्रियाचा जनुक बरा. पेशीत त्याच्या प्रती भरपूर असतात, त्यामुळे थोड्या खराब ऊतीतूनही पीसीआर (डीएनएच्या तुकड्याच्या प्रती वाढवण्याची पद्धत) निघतो. (ऊती ९५ टक्के इथेनॉलमध्ये ठेवा, फॉर्मालिनमधल्या नमुन्यात डीएनएचे तुकडे पडतात.) सीओआयचा सुमारे ६५८ बेसचा (डीएनएच्या अक्षरांचा) तुकडा हा प्राण्यांचा प्रमाण बारकोड, म्हणजे जात ओळखण्याची खूण. पण बेडकांत त्याचे प्रायमर (पीसीआर सुरू करणारे डीएनएचे छोटे तुकडे) जिथे बसतात त्या जागाच बदलत्या, म्हणून काही नमुने हाती लागतच नाहीत. १६एसचा साधारण ५५० बेसचा तुकडा सहसा दगा देत नाही. त्यामुळे आमची पसंती १६एसला.

१६एसचा त्रास अलाइनमेंटमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या नमुन्यांचे क्रम एकाखाली एक जुळवताना. हा जनुक ज्या आरएनएचा, त्याच्या वळशांमध्ये बेस गळतात, नवे शिरतात, आणि कोणता बेस कोणासमोर ठेवायचा हे ठरत नाही. ते भाग वगळून वंशवृक्ष पुन्हा काढा. ज्या फांद्या हलतील त्यांवर दावा करू नका. सीओआय इथे सरस, कारण तो प्रथिनाचा जनुक आहे: मध्येच स्टॉप कोडॉन (प्रथिन तिथेच थांबवणारी खूण) दिसला, तर केंद्रकात शिरलेली निकामी प्रत वाचली गेल्याची शंका घ्यावी.

कुळांच्या नात्यासाठी रॅग-१ हवाच. वेगाने बदलणाऱ्या जागांवर बदलावर बदल होतात आणि आधीचे पुसले जातात. असे पुसलेले बदल हिशेबात धरणाऱ्या ज्यूक्स-कँटर सूत्राने ५ टक्के फरक ५.२ होतो, पण ३० टक्के फरक ३८ वर जातो. रॅग-१ संथ आहे, म्हणून खोलवरची नाती टिकवतो. जवळच्या जातींत मात्र बहुधा फारसे सांगत नाही. शिवाय आईवडिलांच्या प्रती वेगळ्या असल्या की क्रम वाचताना यंत्राच्या आलेखात एकाच जागी दोन शिखरे दिसतात. तिथे मनाने एक निवडू नका, आर (ए किंवा जी) किंवा वाय (सी किंवा टी) असे संकेताक्षर लिहा.

तरी एकट्या मायटोकॉन्ड्रियावर विसंबू नका: तो फक्त आईकडून येतो, संकर झाला की तो दुसऱ्या जातीत जाऊन बसू शकतो. ध्रुवीय अस्वले त्याच्या वृक्षात तपकिरी अस्वलांच्या आत पडतात, केंद्रकी जनुकांत मात्र वेगळी शाखा दिसते.

पैसे कमी असतील तर सगळ्या नमुन्यांचे १६एस करा आणि प्रत्येक शाखेतून एकदोघांचे रॅग-१. दोन्हींचे वृक्ष आधी स्वतंत्र काढा, मगच जोडा. बूटस्ट्रॅप म्हणजे विदेतून पुन्हा पुन्हा नमुने घेऊन फांदी किती वेळा टिकते ते टक्क्यांत पाहणे; आयक्यू-ट्री या वृक्ष काढण्याच्या प्रोग्रॅमच्या अल्ट्राफास्ट बूटस्ट्रॅपमध्ये ९५ च्या खालची फांदी पक्की मानू नये. जुना ७० चा निकष साध्या बूटस्ट्रॅपचा आहे.