मिनिमल टेक्नोसाठी रेकॉर्ड घ्याव्यात की पेनड्राइव्ह पुरे?

दिवाळीला मामेभाऊ आला होता. चिवड्याची ताटली मांडीवर ठेवून माझ्या रेकॉर्डच्या कपाटाकडे बघत म्हणाला, "दादा, रेकॉर्ड वाजवायला दोन टर्नटेबल घेऊ की फाइल वाजवायचा कंट्रोलर? पैसे एकाच गोष्टीपुरते आहेत." दोन वर्षं तो लॅपटॉपवर मिक्स करतोय आणि आवड माझ्याच वळणावर गेली आहे: मिनिमल टेक्नो. चार-पाच आवाज घ्यायचे आणि त्यांवर सात-आठ मिनिटं काढायची, असं ते संगीत. तेव्हा घाईत काहीतरी सांगून मोकळा झालो. सविस्तर उत्तर हे.

"रेकॉर्डचा आवाज कसा उबदार असतो" हे वाक्य आधी बाजूला ठेवू. ते म्हणणाऱ्या दहांपैकी नऊ जणांना डोळे बांधून ऐकवलं तर ओळखता येणार नाही, मलाही दर वेळी येत नाही. पण मिनिमलमध्ये एक खरी गोष्ट आहे. आवाजच इतके कमी असतात की मधल्या रिकाम्या जागेत माध्यम ऐकू येतं: सुईची खसखस, एमपीथ्रीत चिरडलेली हायहॅट (ड्रमची छोटी झांज), सगळंच. त्यामुळे एकच उत्तर सगळ्या संगीताला लागू पडत नाही. रेकॉर्ड बदलली की उत्तर बदलतं.

तीन रेकॉर्ड, तीन निकाल

डेट्रॉइटचा रॉबर्ट हूड. त्याची 'मिनिमल नेशन' १९९४ साली जेफ मिल्सच्या अ‍ॅक्सिस या लेबलवर आली. कोरडी किक (ड्रमचा जड ठोका), एक छोटी सिंथची ओळ, वर हायहॅट. ओळ फिरत राहते आणि हूड तिच्यात केसाएवढा फरक करत राहतो. आवाज धारदार, सलग आणि मोठा असल्यामुळे रेकॉर्डवरची थोडीफार टिकटिक त्यात बुडून जाते. फाइलवरही हे संगीत काही गमावत नाही. इथे बरोबरी.

बर्लिनचे मॉरिट्झ फॉन ओस्वाल्ड आणि मार्क एर्नेस्टुस, म्हणजे बेसिक चॅनल. १९९३ ते ९५ मधल्या त्यांच्या बारा-इंची रेकॉर्ड. एर्नेस्टुसने १९८९ मध्ये हार्ड वॅक्स हे रेकॉर्डचं दुकान काढलं होतं, आणि रेकॉर्ड कटिंगसाठी १९९५ मध्ये डबप्लेट्स अँड मास्टरिंग उभं राहिलं तेही याच वर्तुळातून. ही माणसं रेकॉर्डच्या खाचेचा विचार करूनच संगीत करत होती. त्यांची एक सेकंडहँड रेकॉर्ड मी मागवली, लावली आणि वैतागलो. सतत खरखर. डिस्टिल्ड वॉटर, ब्रश, मऊ फडकं असं सगळं करून तीनदा धुतली, तरी खरखर जागच्या जागी. मग मित्राकडे त्याच ट्रॅकची फाइल ऐकली, तर तिच्यातही तीच! ती धूळ नव्हतीच, संगीतातच कालवलेली होती. कॉर्ड दूरवरून धुक्यातून यावी तशी येते आणि खाली हिस्स चालू असते. माझ्या सुईची खरखर कुठे संपते आणि त्यांची कुठे सुरू होते, ते अजून मला सांगता येत नाही. इथे रेकॉर्ड जिंकते, तेही मोठ्या फरकाने.

तिसरी, रिची हॉटिनने प्लास्टिकमन या नावाने १९९८ मध्ये काढलेली 'कन्झ्यूम्ड'. काळोखी, संथ, काही ठिकाणी जवळजवळ शांत. तिच्यात सुईची प्रत्येक टिक अशी ऐकू येते, जसा दिवा मालवल्यावर खोलीतला एकटा डास. ही फाइलवर किंवा सीडीवरच ऐका. रिकार्डो व्हिलालोबोसचा २००६ चा 'फित्सहॉयर त्सीहॉयर' हा ट्रॅक ३७ मिनिटांचा आहे, तो तर रेकॉर्डच्या एका बाजूत धडपणे मावतच नाही.

खरेदीपूर्वी एक तांत्रिक गोष्ट माहीत असू द्या. बारा-इंची तबकडी ३३ च्या वेगाने फिरत असताना बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर खाच सरकते, मधल्या कागदी लेबलाजवळ आली की जेमतेम २०-२२. निम्म्याहून कमी जागेत तेवढाच आवाज कोंबावा लागतो, म्हणून शेवटच्या ट्रॅकची हायहॅट बोथट वाटते. एका बाजूला एकच ट्रॅक आणि वेग ४५, अशी बारा-इंची म्हणूनच छान वाजते. तोच ट्रॅक अल्बमच्या एका बाजूला चौथ्या नंबरवर असेल, तर त्यापेक्षा फाइल बरी.

हाताचं काय

अनेकांना हा मुद्दा गौण वाटतो, माझ्या लेखी सगळं इथेच ठरतं.

दोन रेकॉर्ड जुळवायच्या म्हणजे पिचची, वेग कमीजास्त करायची पट्टी सरकवायची. टेक्निक्स १२०० वर ती आठ टक्के वर, आठ टक्के खाली जाते. जुळलं म्हणून सुटका नाही. वीस-तीस सेकंदांत एक रेकॉर्ड हळूच पुढे निघते, दोन किक टापांसारख्या लागोपाठ पडायला लागतात, आणि तबकडीच्या कडेला बोट टेकवून तिला मागे आणावं लागतं. मिनिमलमध्ये दोन ट्रॅक चार-चार, पाच-पाच मिनिटं एकत्र चालवायचे असतात, तेच तर त्यातलं सुख. तेवढा वेळ कान आणि बोट दोन्ही कामाला जुंपलेले.

फाइल असली की वेग आपोआप जुळवणारं सिंकचं बटण दाबलं, संपलं. मग हात रिकामे. रिकामे हात फिल्टरकडे जातात, एकोकडे जातात, आणि ज्या संगीतात पाचच आवाज आहेत त्यावर आपण सहावा-सातवा चढवत बसतो. मी स्वतः हे करतो, म्हणून सांगतोय. माझे फाइलवरचे सेट ऐकले की मलाच वाटतं, याचे हात कुणीतरी धरायला हवे होते.

पण उलट बाजूही तितकीच खरी आहे. जेफ मिल्सची 'सायकल ३०' ही रेकॉर्ड घ्या, तीही १९९४ चीच. तिच्यात बंद खाचा आहेत, म्हणजे सुई आत न सरकता त्याच वर्तुळात फिरत राहते आणि लूप तयार होतो. गणित मजेशीर आहे. ३३⅓ च्या वेगाने एक फेरा १.८ सेकंदांचा, त्यात चार ठोके बसवले तर वेग मिनिटाला १३३⅓ ठोके पडतो. लय तबकडीच ठरवते! ऐकायला झकास. पण काम म्हणून बघाल तर फाइलवरचा लूप कितीतरी पुढे आहे: आठ ठोके, दोन ठोके, अर्धा ठोका, हवा तिथून. हॉटिननेच २००१ मध्ये 'डीई९: क्लोजर टू द एडिट' करताना शंभरावर ट्रॅकचे तुकडे पाडून ते संगणकावर जुळवले. रेकॉर्ड सोडून आधी पलीकडे गेलेल्यांत मिनिमलचेच लोक होते. त्यामुळे पेनड्राइव्हवाल्याकडे नाक मुरडायचं कारण नाही.

निवडीचं मात्र वेगळं आहे. ६४ जीबीच्या पेनड्राइव्हवर सात-सात मिनिटांच्या वेव्ह, म्हणजे न दाबलेल्या फाइल नऊशेच्या आसपास मावतात. साठ रेकॉर्डची बॅग तेरा-चौदा किलोंची होते आणि देशातल्या विमानात चेक-इनला साधारण पंधराच चालतात, म्हणजे कपडे पाठीवर. तरी साठांतली पुढची कोणती, हे मला बॅगेत हात घालताच कळतं. नऊशेंमध्ये स्क्रीन खालीवर सरकवत राहतो आणि चालू ट्रॅक संपत येतो.

वाजवणार कुठे?

मुंबई-पुण्यातल्या बहुतेक डीजे बूथमध्ये सीडीजे (पेनड्राइव्ह लावायचे प्लेअर) असतात, टर्नटेबल नसतात. असले तर सुया गेलेल्या असतात. एका ठिकाणी (नाव सोडा) दोन्ही होतं, पण स्टेज पोकळ प्लायवूडचं. बेस वाढवला की स्टेज थरथरायचं, ते सुई उचलायची, ते पुन्हा स्पीकरमधून बाहेर पडायचं, आणि एक गुरगुर वाढत जायची. मालक म्हणाला, आवाज कमी करा. मिनिमलमध्ये बेस कमी केला तर उरतं काय? शेवटी मागच्या अंगणात बांधकामातून उरलेल्या शहाबादी फरशा होत्या, त्यातल्या दोन उचलून आणल्या. सायकलच्या जुन्या ट्यूबमध्ये अर्धवट हवा भरून त्यांवर फरशी, फरशीवर टर्नटेबल. गुरगुर गेली. पण तोवर अकरा वाजले होते आणि ऐकायला आलेले निम्मे लोक घरी. पेनड्राइव्हवाल्यावर अशी वेळ येत नाही.

हवेचंही बघा. एप्रिलमध्ये पुण्यात बंद गाडीत रेकॉर्ड विसरलात तर कढईसारखी वाकते. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात कव्हरवर बुरशी धरते. अंजुण्याच्या किनाऱ्यावर ट्रान्स वाजवणारे पूर्वी डॅट (डिजिटल) टेप वापरत त्याचं एक कारण ऊन आणि धूळ हेच.

पैशांचं थोडक्यात: युरोपातून नवी बारा-इंची साधारण १२ ते १५ युरोंना, त्यात दोन-तीन ट्रॅक, वर टपाल आणि कस्टम्स. फाइल ट्रॅकमागे दीड-दोन युरोंना. दोन नवी टेक्निक्स आणि बरा मिक्सर म्हणजे नव्या मोटारसायकलचे पैसे.

तरीही काही गोष्टी रेकॉर्डवरच शोधाव्या लागतात. फ्रँकफर्टमध्ये १९९७ ला सुरू झालेल्या पर्लॉन या लेबलने बराच काळ फाइल विकायचं टाळलं. असं काही डिस्कॉग्ज या साइटवर सेकंडहँड घेणार असाल तर प्रतीच्या अवस्थेच्या श्रेणीत 'व्हीजी प्लस'च्या खाली उतरू नका. गजबजलेल्या संगीताला 'व्हीजी' चालून जातं, इथे शांत जागेतला प्रत्येक ओरखडा पुढच्या रांगेत येऊन बसतो.

आपल्याकडचं म्हणून एक सांगतो. चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये मुंबईत रोलंडच्या टीबी-३०३ या बेस सिंथवर आणि टीआर-८०८ या ड्रम मशीनवर दहा राग वाजवून एचएमव्हीसाठी रेकॉर्ड केली. ती २०१० मध्ये पुन्हा निघाली तेव्हा लोक चकित झाले, कारण अ‍ॅसिड हाऊस या नृत्यसंगीताच्या आधीच हे तसं वाजत होतं. मिनिमल तिला कुणी म्हणणार नाही, पण थोडी यंत्रं आणि भरपूर फिरणं हे तत्त्व तेच. मूळ प्रतीच्या मागे लागू नका, नवी आवृत्ती घ्या.

टाइमकोडच्या, म्हणजे संगीताऐवजी संगणकासाठी खुणा कोरलेल्या रेकॉर्डवरून लॅपटॉपमधल्या फाइल चालवायचा मधला मार्गही आहे. मी वर्षभर वापरला. दोन्हीकडची वायर सांभाळावी लागते, यापलीकडे त्याबद्दल माझं फारसं मत नाही.

मामेभावाला मी अखेर सांगितलं ते असं: तुला बाहेर वाजवायचंय, मग कंट्रोलर आणि वेव्ह फाइल. सिंक सहा महिने बंद ठेव. उरलेल्या पैशांत घरी ऐकायला एकच टर्नटेबल, सेकंडहँड चालेल. बाहेर वाजवण्याचा सोस नसता आणि घरात रिकामी खोली असती, तर उलट सांगितलं असतं. त्याने ऐकलं. परवा फोन आला, "सुई कोणती घेऊ?" डीजेची गोल टोकाची सुई दणकट असते, रेकॉर्ड मागेपुढे फिरवली तरी टिकते, पण बारकावे जरा सोडते. तू फिरवणार नाहीस, म्हटलं, लंबगोल टोकाची घे. आणि रेकॉर्डवर पडणारं सुईचं वजन कंपनीने लिहिलंय तेवढंच ठेव, अंदाजाने नको, काटा माझ्याकडून घेऊन जा.