काबुकिचोत ‘तीन हजार येन, अनलिमिटेड’ म्हणणाऱ्याच्या मागे जाऊ नका

टोकियोला कामानिमित्त जाणाऱ्यांचा एखादा शुक्रवार शिंजुकूत जातोच. स्टेशनच्या पूर्वेकडून बाहेर पडून थोडं चाललं की काबुकिचो या बार-हॉटेलांच्या वस्तीची ती लाल दिव्यांची कमान दिसते आणि पलीकडे तोहो सिनेमाच्या इमारतीवरून डोकावणारा गॉडझिला. फोटो काढून होतात, पोटात कावळे ओरडायला लागतात आणि नेमका तेव्हाच एक हसतमुख पोरगा शेजारी येऊन उभा राहतो.

आपल्याकडे समज असा, की तिथे फसतात ते बायकांच्या बारमध्ये शिरणारे. आम्हा तिघांना यापैकी काही नको होतं. याकितोरी, म्हणजे काडीला लावून भाजलेलं चिकन, आणि बिअर, बस्स. हवं होतं ते इझाकाया, म्हणजे खात-पीत निवांत बसायचं साधं ठिकाण. त्या पोराच्या हातात एका नावाजलेल्या इझाकाया साखळीचं लॅमिनेट केलेलं मेन्यूकार्ड होतं. आम्ही जिथे जाणार होतो, तीच साखळी. त्याने कुठेतरी फोन लावला, दोन शब्द बोलला आणि चेहरा पाडून म्हणाला, “आज फुल्ल आहे. पण आमचीच दुसरी शाखा आहे, दोन मिनिटांवर. माणशी तीन हजार येन, दोन तास ड्रिंक्स अनलिमिटेड.” फोनवर पलीकडे कोण होतं देव जाणे. नंतर रात्री त्या खऱ्या दुकानासमोरून गेलो तेव्हा खिडकीतून रिकामी टेबलं दिसत होती.

त्या साखळीचा या पोराशी काडीचा संबंध नसतो. तिचं फक्त नाव वापरतात. स्वारगेटला ‘ते लॉज बंद पडलं, दुसरं दाखवतो’ म्हणणारा रिक्षावाला भेटला तर आपण ढुंकून बघत नाही. पण जपानमध्ये हरवलेलं पाकीट पैशांसकट परत मिळतं हे आपण ऐकलेलं असतं, अनुभवलेलंही असतं. या मंडळींचा धंदा त्याच भरवशावर चालतो.

लिफ्टने पाचवा मजला. बाहेर पाटी एका नावाची, आत मेन्यूवर दुसरंच नाव. बिअर पातळ. न मागता माणशी एक वाटी कोबी आणि मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट) आला. याला ओतोशी म्हणतात आणि ती प्रथा खरीच आहे. चांगल्या इझाकायातही अशी छोटी डिश येते आणि बसण्याचे पैसे म्हणून माणशी साधारण तीनशे ते पाचशे येन लागतात, त्यावर भांडू नये. आमच्या बिलात तिचे माणशी दोन हजार होते. खाली सीट चार्ज माणशी तीन हजार, शुक्रवार म्हणून आणखी माणशी अडीच हजार. अनलिमिटेडचे ठरलेले नऊ हजार होतेच, वर प्रत्येकी किमान दोन डिश घेण्याची ‘सक्ती’, त्याचे साडेदहा हजार. या सगळ्यावर वीस टक्के सर्व्हिस. एकूण 50,400 येन. तेव्हाच्या दराने अठ्ठावीस हजार रुपयांच्या आसपास, तेही धड जेवण न होता.

मॅनेजरने मेन्यूच्या शेवटच्या पानाच्या तळाशी बोट ठेवलं. मुंगीएवढ्या जपानी अक्षरांत सगळं लिहिलेलं होतं. आवाज चढला नाही, अंगाला कुणी हात लावला नाही. फक्त दारात दोन धिप्पाड माणसं येऊन उभी राहिली आणि ‘खाली एटीएम आहे, सोबत माणूस देतो’ असं अगदी अदबीनं सांगण्यात आलं.

निशी-कासाईला राहणाऱ्या मित्राला फोन लावला. तिथे आपले आयटीवाले बरेच आहेत आणि हा तर वर्षानुवर्षं तिथला. तो म्हणाला, “एटीएमकडे अजिबात जाऊ नका. कोबानला चला म्हणा, नाही सोडलं तर पोलिसांचा 110 नंबर फिरवा.” कोबान म्हणजे नाक्यावरची पोलीस चौकी. त्याचं मॅनेजरशी जपानीत बोलणं झालं आणि ‘पोलीस’ शब्द निघाल्यावर सर्व्हिस आणि शुक्रवारचा चार्ज आपोआप गळाला. तरी चौकीत गेलोच. तिथला पोलीस दोघांचंही ऐकून घेतो, पण पैशांचा वाद तुम्ही आपसात मिटवा, हीच त्याची भूमिका. पोलीस येऊन बिल फाडून टाकतील ही आशा ठेवू नका. चौकीचा खरा उपयोग एवढाच, की तिथे तुम्ही उजेडात उभे असता आणि मॅनेजरला घाई असते. शेवटी पंधरा हजारांवर तुटलं.

बायकांच्या बारमधल्या असल्या बिलांविरुद्ध टोकियोत 2000 सालापासून नियम आहे. रस्त्यावर गिऱ्हाईक ओढायला शिंजुकू वॉर्डात 2013 पासून मनाई आहे. वर लाउडस्पीकरवरून ‘यांच्या मागे जाऊ नका’ अशी घोषणा चालू असते, आणि तिच्याच खाली हे उभे असतात! पेयात काही मिसळून, शुद्ध हरपल्यावर कार्ड घासण्याचे प्रकारही या भागात झालेत. अमेरिकेच्या वकिलातीने त्याबद्दल आपल्या नागरिकांना सावध केलेलं आहे. तेव्हा ग्लास टेबलावर सोडून उठू नका.

म्हणून शिंजुकू टाळा असं मी म्हणणार नाही. दुकान आपण निवडायचं, रस्त्यावरच्या माणसाला निवडू द्यायचं नाही. काबुकिचोतच ‘गोल्डन गाई’ नावाचा भाग आहे, त्याच्या गल्ल्यांत दोनशेच्या आसपास इवलेसे बार आहेत. बसायचे पैसे बऱ्याच ठिकाणी दारावरच लिहिलेले असतात, नसतील तर आत शिरण्याआधी विचारा. नुसतं खायचं असेल तर स्टेशनच्या पश्चिमेला ओमोइदे योकोचो ही गल्ली आहे, धुरात बसून याकितोरी खायची. बसण्यापूर्वी मेन्यूच्या शेवटच्या पानावर फोनमधलं भाषांतराचं अॅप धरा आणि फोटो काढून ठेवा. आमच्याकडे तसा फोटो असता, तर चौकीतला अर्धा तास वाचला असता.