क्रोशाचा छोटा व्यवसाय आणि रविवार पेठेतली खरेदी

घरातला रुमाल विणायला दोरा कुठलाही चालतो. विकायला विणायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो तो हा: आज घेतला तोच दोरा, त्याच रंगात, पुढच्या महिन्यात मिळणार का? मी क्रोशाचे कानातले, केसांच्या क्लिपा, गजरे आणि किचेन करून विकते, आणि त्याचं जवळजवळ सगळं सामान पुण्याच्या रविवार पेठेतून आणते. एका दुकानाचं नाव घेऊन लिहिण्यात अर्थ नाही, कारण तिथं एका दुकानात काम होतच नाही. दोरा एकीकडे, कानातल्यांचे हूक आणि मणी बोहरी आळीत, पाकिटं आणि डब्या आणखी तिसरीकडे. म्हणून हा अभिप्राय सगळ्या बाजाराबद्दल आहे.

आधी जायचं कसं ते. कोथरूडहून दुचाकी न्यायचं मी बंद केलंय, कारण पेठेत ती लावायला जागा शोधण्यातच जीव जातो. वनाझला मेट्रोत बसायचं, जिल्हा न्यायालयाला गाडी बदलायची, मंडईला उतरायचं आणि पुढे पायी. 2024 च्या सप्टेंबरात हा भुयारी टप्पा सुरू झाला तेव्हापासून भरलेल्या पिशव्या घेऊन परत येणं खरंच सोपं झालंय.

आता दोरा. या बाजाराची खरी ताकद तीच. सध्या सगळ्यांना मिल्क कॉटन हवं असतं. मऊ असतं, रंग गोड असतात, चार पदरी गुंडा अडीच-तीन मिलिमीटरच्या सुईवर भराभर विणून होतो. किचेनची छोटी खेळणी, लहान मुलींच्या क्लिपा यांना ते उत्तम. पण त्यात सुताबरोबर बहुतेकदा अॅक्रिलिकची मिसळ असते, आणि रोज हाताळल्या जाणाऱ्या वस्तूवर काही दिवसांनी लव उभी राहते. कानातल्यांना म्हणूनच मी मर्सराइज्ड सूत वापरते. हे सूत ताणून धरून कॉस्टिक सोड्याच्या द्रावणातून काढलेलं असतं. त्यानं तंतू फुगतो, चमक येते, रंग खोलवर बसतो आणि बळकटीही वाढते. विणलेली पाकळी ताठ उभी राहते, घामानं लोळत नाही. गजऱ्याला 20 नंबरचा पांढरा दोरा आणि एक मिलिमीटरच्या आसपासची पोलादी सुई. हे काम डोळ्यांना जड जातं, पण मोगऱ्याची कळी जाड दोऱ्यात कधीच कळीसारखी दिसत नाही.

हे सगळं ऑनलाइनही मिळतं, आणि मी मागवलेलंही आहे. फरक पडतो तो रंगाच्या लॉटमध्ये, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या दोऱ्याच्या खेपेत. गुंड्याच्या कागदी पट्टीवर शेड नंबर असतो, तसा लॉट नंबरही असतो. शेड तीच पण लॉट वेगळा, तर रंगात किंचित फरक येऊ शकतो. घरात तो दिसणार नाही, पण एकाच जोडीतला एक कानातला जुन्या गुंड्याचा आणि दुसरा नव्याचा झाला की लगेच कळतं. पेठेत दुकानदार पट्ट्या बघून एका लॉटचे गुंडे काढून देतात. मी ज्यांच्याकडे नेहमी जाते ते काका तर स्वतःच सांगतात, "ताई, हा लॉट एवढाच शिल्लक आहे. पुढचा उन्नीस-बीस येणार, लागेल तेवढा आत्ताच न्या." दारात उजेडात नेऊन रंग बघू देतात. ट्यूबलाइटखाली राणी आणि मजेंटा यांत गल्लत होते, त्यामुळे ही मुभा मला फार मोलाची वाटते.

संक्रांतीला हळदी-कुंकवाच्या वाणासाठी एकसारखी 40 किचेन द्यायची असतील तर असा दुकानदारच हवा. अशा ऑर्डरीचा हिशेब मी वजनावर करते. एक नमुना पूर्ण विणायचा, स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवायचा, जितके ग्रॅम भरतील त्याला नगांनी गुणायचं आणि वर एक गुंडा जास्त घ्यायचा. मजुरी मात्र लागलेल्या वेळेच्या हिशेबानंच लावायची. क्रोशा अजूनही हातानंच होतो. आपल्याकडे रुखवतातली तोरणं आणि रुमाल बायकांनी पिढ्यान् पिढ्या फुकट विणले, म्हणून आजही गिऱ्हाईक फक्त दोऱ्याची किंमत मोजतं. मला याचा मनापासून राग येतो, आणि मी भाव पाडून देत नाही.

बोहरी आळीतल्या धातूच्या सामानाबद्दल मी इतकी खूश नाही. निवड प्रचंड आहे: हूक, कड्या, किचेनच्या साखळ्या, मणी, लटकन. पण 'स्टील' म्हणून जे पुढे येतं ते सगळं स्टेनलेस नसतं. मुलामा दिलेल्या हलक्या धातूत निकेल असेल तर पुष्कळ जणींचे कान खाजतात, लाल होतात. एका दुकानात मी थेट विचारलं तेव्हा "सगळ्या हेच नेतात" एवढंच उत्तर मिळालं. तिथून मी काही घेतलं नाही. दोन दुकानं पुढे सर्जिकल स्टीलचे हूक वेगळ्या पाकिटात, वेगळ्या भावात होते. महाग होते, पण मी तेच वापरते आणि गिऱ्हाइकाला तसं सांगून विकते. मणी वजनावर मिळतात, त्यांत थोडे फुटके निघतातच. काही वस्तू डझनाखाली देत नाहीत, त्यामुळे नवी कल्पना करून बघायला दोनच हूक हवे असतील तर मात्र ऑनलाइन बरं.

गडद रंग घेतलात तर घरी आल्यावर एक तुकडा पांढऱ्या दोऱ्याबरोबर पाण्यात भिजवून बघा. लाल आणि मरून रंग सुटू शकतात, आणि कानातले गळ्याजवळ, साडीच्या पदराजवळ असतात. बिल पक्कं मागा, मिळतं.

दोऱ्यासाठी माझ्याकडून पाचपैकी साडेचार, धातूच्या सामानाला तीन, पॅकिंगच्या सामानाला चार. ऑर्गंझाच्या पोटल्या आणि कानातले अडकवायची कार्डं तिथं भरपूर प्रकारांत मिळतात. संक्रांतीचं काम करणार असाल तर दिवाळी आवरली की लगेच जा. काळ्या दोऱ्याला त्या दिवसांत मागणी असते, आणि एका लॉटचे गुंडे जानेवारीपर्यंत थांबत नाहीत.