गावच्या अंगणवाडीचा आहार आणि वजनकाटा

कर्नाटकातील खानापूर तालुक्यातील आमच्या गावच्या अंगणवाडीत माझी मुलगी दोन वर्षांपासून जाते. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याच्या मूळ निकषांनुसार तीन ते सहा वर्षांच्या मुलाला रोज ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने मिळायला हवी होती; हे निकष २०२३ मध्ये बदलले. जेवणाच्या बाबतीत तक्रारीला जागा नाही. सांबार दाट असते आणि अंडे ताई स्वतः सोलून हातात देतात.

मोजमापाचे मात्र तसे नाही. काटा शून्यावर येत नसल्याने ताई आधी रिकाम्या झोळीचे वजन करून ते वजा करतात, हे त्यांचे शहाणपण. पण उंची क्वचितच मोजली जाते, आणि उंचीच्या प्रमाणात वजन पाहिल्याशिवाय मूल खरोखर सुदृढ आहे की नुसतेच जाड, हे कळत नाही. शेजारच्या घरी महिनाअखेरीस डाळ-भाजी संपून रेशनचा तांदूळ तेवढा उरतो, मग भात आणि पाच रुपयांच्या चिप्सच्या पुडीवर पोराची भूक भागते. त्याचे पोट सुटले आहे, उंची मात्र खुंटल्यासारखी वाटते, तरी सगळे ‘बाळसे धरले’ म्हणून कौतुकच करतात (मीही केले होते). वाढीच्या तक्त्यावरचा मजकूर केवळ कन्नडमध्ये असल्याने त्याच्या आजीला तो वाचताही येत नाही. जेवणाला पाचपैकी चार गुण, मोजमापाला दोन.